घ घराचा

नीलम वाहुळेच्या हॉलमध्ये अक्षरांच्या जागा ठरलेल्या होत्या. ‘क’ स्वयंपाकघराच्या दाराशी. ‘ख’ कोपऱ्यात, भिंतीतून वीतभर पुढे आलेल्या खांबापाशी. ‘ग’ टीव्हीसमोर आणि ‘घ’ खोलीच्या बरोबर मधोमध. लाल चिकटपट्टी कापून तिने ती अक्षरं पांढऱ्या टाइल्सवर चिकटवली होती. शाळेतून आल्यावर पाच वर्षांची सांची दप्तर सोफ्यावर टाकायची, मोजे काढायची आणि ‘क’वर जाऊन उभी राहायची. मग गाणं सुरू व्हायचं.

क काठीचा, टेकत आला,
ख खांबाचा, ताठ उभा,
ग गाठीचा, गुंडाळून बसला,
घ घराचा, दार उघडा.

‘क’ला सांची कमरेत वाकून म्हाताऱ्यासारखी चालायची. ‘ख’ला खांबाला पाठ टेकून श्वास रोखायची. ‘ग’ला गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करायची. आणि ‘घ’ला डोक्यावर हातांचं छप्पर करून, ‘उघडा’ या शब्दावर दोन्ही पायांनी उडी मारायची. मनात आलं की नीलम एखादी ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची. ती ओळ बदलेपर्यंत सांचीने आहे तसंच राहायचं, असा नियम होता. एका जागी थांबायला या पोरीला दुसऱ्या कशानेही जमलं नव्हतं.

गाणं नीलमनेच रचलं होतं. सांचीला पेन्सिल नको असायची. पाटी समोर आली की ती टेबलाखाली जायची. वर्ग पुढे गेला होता आणि ही अजून स्वतःचं नाव ओळखत नव्हती. “घरी जरा बसवत जा तिला,” असं बाईंनी सांगितलं होतं. नीलमला वाटलं, अडतंय ते बसवण्यातच. तिचे वडील भीमराज जालन्याकडे जलशात गायचे. शाळा त्यांची झालीच नव्हती. तोंडपाठ गाण्यांची छापील चोपडी समोर धरून, ताल धरत, म्हणत असलेला शब्द कागदावर कुठे आहे ते बोटाने शोधत ते वाचायला शिकले होते. वडलांना जे जमलं ते नातीला का जमू नये, एवढाच हिशेब करून तिने चिकटपट्टी कापली.

आणि ते जमलं. दिवाळीच्या सुमारास सांची रिक्षातून जाताना ‘गणेश’मधला ग दाखवू लागली. संक्रांतीपर्यंत ती ‘घर’ हा शब्द वाचत होती. वाचताना तिच्या टाचा नकळत उचलल्या जात.

मुलुंड पूर्वेतल्या त्या जुन्या इमारतीत वाहुळे कुटुंब येऊन वर्ष होत आलं होतं. त्याआधी घाटकोपरची चाळ. चौथ्या मजल्यावरचा हा फ्लॅट घेतला तेव्हा जमिनीवर जुन्या, झिजलेल्या लाद्या होत्या. मिस्त्री म्हणाला, फोडून काढू. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या उत्तराताईंच्या सासऱ्यांना, भाऊंना, नुकताच अर्धांगाचा झटका आला होता. विशाल, नीलमचा नवरा, मरोळच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामाला. दुसऱ्याला त्रास नको हा त्याचा स्वभाव. तो म्हणाला, “तोडफोड नको. खाली आजारी माणूस आहे. लादीवरच टाइल बसवा.” काम आवाज न होता झालं. उत्तराताई स्वतः वर येऊन आभार मानून गेल्या. दारातूनच.

*

टाइल्सचा आवाज आधी सांचीच्या लक्षात आला.

कान तयार व्हावा म्हणून नीलमने एक खेळ काढला होता. सांचीने डोळे मिटायचे, नीलमने लाटण्याच्या टोकाने एखादी टाइल वाजवायची, आणि आवाजावरून अक्षर ओळखायचं. पहिल्याच दिवशी सांचीने ‘घ’ बिनचूक ओळखला.

“कसं गं कळलं?”

“बाकीचे टक् बोलतात. घ ढब् बोलतो. त्याच्या पोटात काही नाहीये.”

नीलमने रात्री जेवताना कौतुकाने हे विशालला सांगितलं. त्याने पोळीचा तुकडा मोडता मोडता मान हलवली. “सिमेंटचा माल कमी भरला असेल तिथे. टाइल पोकळ राहिली. मिस्त्रीला बोलवू कधीतरी.”

“राहू दे रे. त्यामुळेच तर ओळखते ती.”

काही आठवड्यांनी सांची म्हणाली, “आता ग पण ढब् बोलतो.” नीलमने लाटणं आपटून पाहिलं. तिला फरक वाटल्यासारखं झालं, नक्की कळलं नाही. तिने खेळाचा व्हिडिओ काढून बहिणीला पाठवला. खाली लिहिलं, आधी एकच ओळखता यायचं, आता दोन ओळखते, कान केवढा तयार झालाय बघ. बदल कानात झाला की टाइलमध्ये, हा प्रश्न तिला पडला नाही. बहिणीलाही नाही. तिने टाळ्यांचं चित्र पाठवलं.

उत्तराताई त्याच आठवड्यात वर आल्या. पन्नाशी उलटलेली बाई, केस नीट बांधलेले, आवाज हळू. नवरा देवदत्त नोकरीसाठी बडोद्याला, मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात त्या आणि भाऊ.

“नीलम, कामात नाही ना तुम्ही?”

“या ना ताई, बसा.”

“नको, भाऊ एकटे आहेत.” त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. “एक सांगायचं होतं. तक्रार नाही हं, मुळीच नाही. सांची गाते ते इतकं छान आहे. भाऊंची वाचा गेली ना, पण हे गाणं खिडकीतून आलं की ते त्याच्याबरोबर म्हणतात. शब्दन् शब्द. एरवी पाणी मागता येत नाही, पण ‘क काठीचा’ म्हणतात. डॉक्टरसुद्धा म्हणाले, होतं असं, बोलणं जातं पण गाणं राहतं. म्हणून मी त्यांचा पलंग हॉलमध्ये आणलाय. बरोबर तुमच्या सांचीच्या खाली. तर गाणं चालू दे. फक्त शेवटी उडी मारते ना ती... ती जरा कमी झाली तर.”

“भाऊंना त्रास होतो का उडीचा?”

उत्तराताईंनी नीलमकडे पाहिलं, मग तिच्या पायांखालच्या टाइलकडे. “हो. म्हणजे, तसंच काहीसं.”

दार लावून नीलम आत आली. सासू शकुबाई पालक निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“गाणं चालेल म्हणे,” नीलम म्हणाली. “पाय नको.”

“मंग पोरगी काय हवेत तरंगून शिकणारे का?”

“तेच ना. आणि आई, तुम्ही बघितलं का? वर्ष झालं, ही बाई उंबरा ओलांडत नाही. पाण्याचा ग्लास नाही घेतला आपल्या घरात.”

संध्याकाळी विशालने वेगळं सांगून पाहिलं. “अगं, खाली माणूस झोपून आहे. ती म्हातारा सोडून इथे चहा पीत बसेल का? सरळ अर्थ घे ना यार.”

“सरळच घेते. तक्रार नाही, मुळीच नाही, असं दोनदा म्हणाली. इतकं कोणी कशाला म्हणतं?”

विशालने विषय सोडून दिला. अशा गोड बोलण्याचा त्यालाही आयुष्यभराचा अनुभव होता.

तरी नीलमने उड्या बंद करून पाहिल्या. ‘उघडा’ला फक्त टाळी वाजवायची, असं ठरवलं. सांची ‘घ’वर उभी राहायची, हात वर करायची आणि गप्प व्हायची. काही दिवसांत ‘घ’ गेला. पुस्तकातलं घराचं चित्र बघून तिने शब्द सांगितला, पण अक्षर दाखवल्यावर तिचा चेहरा कोरा राहिला. मग ‘ग’ही डळमळला. एका दुपारी ती पुस्तक घेऊन पुन्हा टेबलाखाली जाऊन बसली.

नीलमने तिला हात धरून बाहेर काढलं. “मार उडी,” ती म्हणाली. “जोरात मार.”

दुसऱ्यांदा उत्तराताई आल्या त्या काखेत एक जाड, रंगीत फोमची चटई गुंडाळून. “मुलांसाठी असते बघा ही. हॉलभर होईल. भेट समजा सांचीला.”

“ताई, काही अडचण असेल तर सांगा ना सरळ.”

“छे, अडचण कसली.” उत्तराताई हसल्या. त्यांच्या खांद्यावर आणि केसांत पांढरी भुकटी होती, पीठ उडाल्यासारखी. “बरं, येते. भाऊ एकटे आहेत.”

चटई दारामागे तशीच गुंडाळलेली राहिली. शकुबाई येता-जाता तिला पायाने भिंतीकडे सरकवत.

*

फेब्रुवारीतल्या एका दुपारी नीलम स्वयंपाकघरात होती. गाणं संपलं, उडीचा आवाज आला, पण नेहमीसारखं ‘परत, परत’ ऐकू आलं नाही. ती डोकावली. सांची ‘घ’जवळ पालथी पडून टाइलला कान लावून होती.

“काय करतेस गं?”

“मम्मी, मी उडी मारली ना, की नंतर खाली तांदूळ सांडतात.”

“कुठले तांदूळ?”

“सरसर करत. मग थोडे मोठे दाणे. मग थांबतात. ऐक तू. मी मारते.”

नीलमने ओला हात पदराला पुसला आणि कान जमिनीला लावला. सांचीने उडी मारली. धप्प झालं, आणि त्या आवाजाच्या मागोमाग, जमिनीच्या आतून, सुपात धान्य पाखडावं तसा आवाज सरकत गेला. मग टप, टप, दोन जड आवाज. मग शांतता. ती तशीच पडून राहिली. तिच्या डोळ्यांच्या रेषेत समोरची भिंत होती. भिंतीच्या तळाची पट्टी आणि टाइल यांच्यामध्ये काळी फट दिसत होती. खोलीच्या दोन्ही टोकांना ती फट नव्हती. मधल्या भागातच जमीन भिंतीपासून खाली गेली होती. नीलमने नख घातलं. नख पूर्ण आत गेलं.

“सांची,” ती म्हणाली, “हळू चालत माझ्याकडे ये. उडी नको.”

सांची आली. नीलमने तिला कडेवर घेऊन आतल्या खोलीत शकुबाईंच्या शेजारी बसवलं. “आई, हिला हॉलमध्ये सोडू नका. तुम्ही पण जाऊ नका. मी खाली जाऊन येते.”

“काय झालं गं?”

“जमीन खचलीय असं वाटतंय.”

तिने विशालला फोन लावला. तो उचलला गेला नाही. कारखान्यात फोन कपाटात ठेवावे लागत. तिने मोबाइल गादीवर टाकला आणि भिंतीला धरून, कडेकडेने, दारापर्यंत गेली.

खालच्या दाराची बेल वाजवल्यावर उत्तराताईंना दार उघडायला वेळ लागला. हातात ओलं फडकं होतं.

“ताई, मला तुमचं छत बघायचंय.”

“छत?” उत्तराताई दारातून हलल्या नाहीत. आता उंबऱ्याच्या आत त्या होत्या आणि बाहेर नीलम. “कशाला हो?”

“वरून वाळू पडल्यासारखा आवाज येतोय.”

उत्तराताईंनी मागे वळून पाहिलं आणि बाजूला झाल्या.

भाऊंचा पलंग खोलीच्या मधोमध होता, दवाखान्यातून भाड्याने आणलेला, चाकांचा. भाऊ मोठ्या हाडापेराचे गृहस्थ, उशीवर डोकं एका बाजूला कललेलं. वर पीओपीचं पांढरंशुभ्र छत होतं. कडेने कंगोरे, मध्ये गोल दिवे. नवं होतं, देखणं होतं. फक्त पलंगाच्या बरोबर वर ते किंचित खाली आलं होतं, पाणी भरलेल्या कापडासारखं. भाऊंच्या चादरीच्या चुण्यांमध्ये पांढरी भुकटी होती. फडकं कशासाठी होतं ते नीलमला कळलं.

“हे कधीपासून?”

“आधी नुसता ओलीचा डाग होता,” उत्तराताई म्हणाल्या. “तुम्ही यायच्या आधीपासूनचा. मग प्लास्टरचे पोपडे पडायला लागले. सळया दिसायला लागल्या. मुलीचा साखरपुडा घरीच होता, तर देवदत्त म्हणाला, पीओपी करून घेऊ, झाकलं जाईल. नंतर दुरुस्ती करू. मग भाऊंचं हे झालं. मग तुम्ही आलात.”

“मग सांगायचं ना मला. मी दोनदा विचारलं तुम्हाला.”

“कसं सांगणार?” उत्तराताईंनी फडक्याची घडी घातली, मोडली. “तुम्ही नवीन. पहिल्याच वर्षी मी दारात येऊन म्हणायचं, तुमच्या मुलीमुळे आमचं छत पडतंय? तुम्हाला वाटलं असतं, ही बाई मुद्दाम... म्हणजे, तुम्ही लोक आलात म्हणून...”

“मला तेच वाटलं,” नीलम म्हणाली. “तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून वाटलं.”

उत्तराताईंनी चादरीवरची भुकटी फडक्याने टिपली.

“तुम्ही फोडाफोड केली नाहीत भाऊंसाठी,” उत्तराताई म्हणाल्या. “ते मी विसरले नाही हो.”

“लादीवर टाइल बसवली आम्ही. हॉलभर. एवढं वजन वाढवून ठेवलं.” नीलमने वर पाहिलं. “फोन द्या तुमचा.”

स्टुलावर चढून तिने एक गोल दिवा दोन बोटांनी खाली ओढला. तो स्प्रिंगवर अडकवलेला होता, वायरला लोंबकळत राहिला. भोकातून ओंजळभर वाळू आणि खडे तिच्या मनगटावरून ओघळले. तिने फोनची बॅटरी चालू करून हात भोकात घातला, अंदाजाने फोटो काढला आणि खाली उतरून दोघींनी तो पाहिला.

पीओपीच्या पाठीवर काँक्रीटची ढेकळं पडलेली होती, परातीएवढी, एकावर एक. त्यांच्या वर, जिथे स्लॅबचा तळ असायला हवा, तिथे गंजून फुगलेल्या सळयांची जाळी लोंबत होती. जाळीच्या वर एका जागी काँक्रीट उरलंच नव्हतं. सळयांमधून एका चौकोनी तुकड्याचा जुना, नक्षीदार रंग दिसत होता. ती नीलमच्या घरातली जुनी लादी होती, खालच्या बाजूने.

“पलंग काढायचा,” नीलम म्हणाली. “आत्ता. आवाज न करता.”

चाकांचे ब्रेक पायाने सोडवायचे होते. दोन सुटले, तिसरा कुरकुरला. पलंग हलला तसे भाऊ जागे झाले. अनोळखी बाई, डोक्यावर लोंबणारा दिवा, तोंडावर पडणारी माती. ते घाबरले. डावा हात कठड्याला घट्ट धरून त्यांनी तोंड उघडलं. काही विचारायचं होतं. शब्द आले नाहीत. जे येत होतं तेच आलं.

“क काठीचा,” भाऊ मोठ्याने म्हणाले. “टेकत आला.”

“भाऊ, नको, गप्प बसा,” उत्तराताई म्हणाल्या.

खिडकी उघडी होती. वरून, नीलमच्या घराच्या खिडकीतून, सांचीचा आनंदलेला आवाज आला. “मम्मी, आजोबा बोलावतायत. क काठीचाऽ, टेकत आलाऽ.”

मग वर पावलं वाजली. आतल्या खोलीतून स्वयंपाकघराच्या दाराकडे. वाकून चालणारी, लहान पावलं. शकुबाईंची हाकही आली, पण त्यांचे गुडघे त्यांना पोरीमागे धावू देणारे नव्हते.

नीलमला पुढचं सगळं पाठ होतं. ती जिन्याकडे वळली आणि थांबली. जिना चढेपर्यंत चार ओळी संपणार होत्या. ओरडलं असतं तर सांची आईच्या आवाजाच्या दिशेने धावली असती, आणि दार किंवा खिडकी, कुठेही जायचं तरी सरळ वाट ‘घ’वरूनच होती.

“ख खांबाचा,” वर सांची म्हणाली, “ताठ उभा.”

नीलमने खिडकीशी जाऊन, पुढची ओळ येण्याआधी, त्याच चालीत आवाज लावला. “ख खांबाचा, ताठ उभा.”

वर शांतता पसरली. नियम मोडला गेला नव्हता. ओळ बदललेली नव्हती.

“ख खांबाचा, ताठ उभा,” नीलम पुन्हा म्हणाली. गाता गाताच तिने पलंगाचं पायथ्याचं टोक धरलं आणि उत्तराताईंना मानेने खूण केली. आवाज थरथरू द्यायचा नव्हता. वडील म्हणायचे, गाताना घाबरलीस तर ताल पुढे पळतो. तिने ताल मागे ओढून धरला. तिसरा ब्रेक सुटला. चौथा सुटेना, तेव्हा उत्तराताईंनी तो कोपराच उचलून धरला.

भाऊ आधी ‘ग’वर गेले होते. “ग गा...” एवढं म्हणून ते अडखळले, नीलमच्या तोंडाकडे पाहिलं, मग छताकडे. त्यांच्या चेहऱ्याचा चांगला भाग ताठ झाला. मग ते तिच्या ओळीत आले. त्यांचा खर्जातला आवाज तिच्या आवाजाखाली लागला. “ताठ उभा. ताठ उभा.”

पलंग आतल्या बोळात शिरला. डोक्याकडची बाजू अजून हॉलमध्ये होती. एक हिसका, आणि तीही आत आली.

“तू गात राहा,” उत्तराताई म्हणाल्या. त्या कधी नीलमला ‘तू’ म्हणाल्या नव्हत्या. “मी जाते वर.”

“भिंतीकडेने जा. मधून नको. ती खांबापाशी असेल.”

उत्तराताई अनवाणी गेल्या. नीलम बोळात भाऊंच्या उशाशी उभी राहून गात होती. वरचा कुठलाही आवाज येत नव्हता. पाठ टेकून, श्वास रोखून उभी असलेली मुलगी आवाज करत नाही, हे तिला माहीत होतं. पण कंटाळलेली मुलगी किती वेळ थांबते, तेही माहीत होतं. ती हॉलच्या छताकडे बघत होती. मधल्या फुगवट्यावर एक बारीक रेघ उमटली आणि कंगोऱ्याकडे चालत गेली. वर कोणी उडी मारली नव्हती.

रेघ कंगोऱ्याला पोचली आणि छत खाली आलं.

धूळ बोळात घुसली. नीलमने पदराने भाऊंचं तोंड झाकलं. तिला काही दिसत नव्हतं, आणि ढिगाऱ्यात नुसतं छत होतं की वरची जमीनही, हे कळत नव्हतं. तिचं गाणं तुटलं होतं. पदराखाली भाऊ खोकत होते आणि खोकल्याच्या मधून म्हणत होते, “ताठ उभा. ताठ उभा.” तिला हाक मारायची होती, पण तोंडात चुना होता.

“नीलम.” आवाज जिन्यातून आला. “घेतलंय मी हिला. आजीही आहेत. खाली ये तू.”

*

भाऊंना खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावरच्या दोन मुलांनी खाली आणलं. सोसायटीचे सेक्रेटरी सुयोग फोनवर महानगरपालिकेशी बोलत फेऱ्या मारत होते. लोक जमले होते. वर्षभरात नीलमशी न बोललेल्या बायकांनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, काय झालं, कसं झालं. सांची शकुबाईंच्या मांडीवर होती. तिच्या केसांवर उत्तराताईंच्या केसांसारखीच भुकटी होती.

वरच्या जमिनीला पडलेलं भोक हॉलच्या मधोमध होतं. त्यातून लाल चिकटपट्टीचं अक्षर असलेली टाइल खाली भाऊंच्या पलंगाच्या जागेवर येऊन पडली होती. उत्तराताई ती बघून आल्या होत्या. त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

फोन ठेवून सुयोग लोकांकडे वळले. “इंजिनीअर येतायत. तोवर त्यांना एक माहिती हवीय. पीओपी कोणाकोणाकडे आहे? म्हणजे ज्यांच्याकडे छत दिसत नाही, असे किती?”

एकीने मुलाच्या शर्टाचं बटण लावलं. एक गृहस्थ गेटकडे बघू लागले. इमारतीत फ्लॅट विकायला काढलेले होते, मुलांची लग्नं ठरत होती, शेजाऱ्यांशी बरे संबंध होते. उघड्या खिडक्यांमधून, मजल्यामागून मजल्यावर, गोल दिवे दिसत होते. काही घरांत अजून माणसं होती. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी पंखा लावला.

“आमच्याकडे आहे,” नीलम म्हणाली. “हॉलला. आधीच्या मालकाने केलेलं. आम्ही वर काय आहे ते कधी बघितलं नाही.”

सुयोगनी मान हलवली आणि बाकीच्यांकडे पाहिलं. पाचव्या मजल्यावरच्या नलिनीबाई पुढे झाल्या. सकाळी नीलमच्या डोक्यावर त्यांचीच नातवंडं खेळत होती.

“आमच्या जमिनीचा आवाज बदललाय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “गणपतीपासून. मी म्हटलं, कशाला उगाच खालच्यांना सांगायचं.”

“वर कोण आहे आत्ता?” नीलमने विचारलं.

नलिनीबाईंनी वर पाहिलं आणि जिन्याकडे धावल्या. मग बाकीचेही एकेक करून बोलू लागले.